चौदा दिवसांची कमान

बालिंत मिस्त्री रोज सकाळी कामाला लागण्याआधी परांचीवर चढायचा आणि विटांच्या सांध्यात अंगठ्याचं नख रोवून बघायचा. नख आत गेलं की तोंड वाकडं करून खाली उतरायचा. त्या मंगळवारी दाराकडच्या कमानीला अकरा दिवस झाले होते, आणि नख अजून लोण्यात जावं तसं आत गेलं.

खाली सोफ्रोनिया दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. चर्चची किल्ली तिच्याकडे असायची. झाडलोट तीच करायची आणि गवंड्यांचं जेवणही तीच रांधायची.

"काय म्हणते तुमची लेक?" तिने विचारलं.

"ओली आहे."

"अकरा दिवसांचं पोर ओलंच असतं, मिस्त्री. त्यात रागवायचं काय?"

बालिंत हसला नाही. चुना आपल्या गतीने सुकतो. सिमेंट असतं तर गोष्ट वेगळी होती. पण सिमेंटला परवाना लागायचा आणि मागुरीत्सा गावाच्या परवान्यावर एवढंच लिहिलेलं होतं: 'जुन्या लाकडी चर्चच्या छपराची दुरुस्ती.'

त्या एका ओळीच्या आधारावर दोन वर्षं काम चाललं होतं. जुनं चर्च ओकच्या ओंडक्यांचं, पाऊणशे माणसं दाटीवाटीने मावतील एवढं. अडीचशे वर्षांपूर्वी ते नदीच्या वरच्या अंगाच्या एका गावात होतं. साथीत ते गाव ओस पडलं, तेव्हा मागुरीत्साच्या लोकांनी चर्चचा ओंडका न् ओंडका सोडवला, प्रत्येकावर कुऱ्हाडीने खुणा केल्या, आणि भर हिवाळ्यात बैलांच्या घसरगाड्यांवरून ते खाली आणलं. आता त्याचे पायाचे ओंडके कुजले होते. नवं बांधायला सरकार परवानगी देत नव्हतं. मग पाद्री इराक्लिएंनी डोकं चालवलं. जुनं चर्च आहे तसं उभं ठेवायचं आणि त्याच्याभोवती हातभर जागा सोडून विटेच्या भिंती चढवायच्या. कुणी विचारलं तर सांगायचं, वाऱ्याला आडोसा केलाय. भिंती जुन्या छपराच्या वर गेल्या की छप्पर उतरवायचं आणि वर छत म्हणून विटांच्या तीन कमानी टाकायच्या: एक वेदीवर, एक मधे, एक दाराकडे. त्या कमानींचं सेंट्रिंग, म्हणजे चुना धरेपर्यंत त्यांना खालून पेलणारा लाकडी साचा, जुन्या चर्चच्याच भिंतींवर टेकवायचं. कमानी धरल्या की आतलं लाकूड सुटं करून दारातून बाहेर काढायचं. बाळ पोटात वाढवावं, तसं मागुरीत्साने ते नवं चर्च जुन्याच्या अंगावर वाढवलं होतं. फरक इतकाच, की इथे आई आत होती आणि बाळ बाहेर.

बालिंत त्या गावचा नव्हता, त्या पंथाचाही नव्हता. नदीपलीकडच्या हंगेरियन बोलणाऱ्या मग्यार वस्तीतला तो साधा प्रॉटेस्टंट माणूस. त्यांच्या चर्चच्या शिखरावर क्रूसाऐवजी पत्र्याचा कोंबडा असे, आणि त्यावरून सोफ्रोनिया त्याला येताजाता टोचायची. त्याचा बाप चर्चं बांधणारा गवंडी होता. बालिंतने मात्र वीस वर्षं सामुदायिक शेतीचे गोठे बांधले होते. सरळ भिंत, सपाट छप्पर, पुढचा गोठा. एकसष्टाव्या वर्षी पाद्रीबुवांनी येऊन विचारलं, "कमान जमेल का?" तेव्हा तो पटकन 'हो' म्हणाला, आणि मग आठवडाभर त्याला झोप लागली नाही. बापाच्या हाताखाली त्याने कमानी पाहिल्या होत्या. स्वतःच्या जबाबदारीवर एकही बांधली नव्हती.

त्याच मंगळवारी दहाच्या सुमाराला जिल्ह्याच्या कचेरीतली गाडी आली.

उतरला तो स्तोएनेस्कू. सांस्कृतिक खात्याचा माणूस. नीटनेटका, बुटांवर धूळ बसू न देणारा. दोन वर्षांत तो एकदाही या बाजूला फिरकला नव्हता. त्याने भिंतींभोवती एक चक्कर मारली. भिंतीकडे बघितलं नाही. आत शिरला, जुन्या ओंडक्यांवरून हात फिरवला, फळ्यांवर रंगवलेल्या संतांकडे मान वर करून बघितलं.

"वा!" तो म्हणाला. "हा तर जनतेचा ठेवा आहे, पाद्रीबुवा. असा रानात कुजू द्यायचा?"

त्याने कागद काढला. जुनं चर्च जिल्ह्याच्या संग्रहालयाला दिलं होतं. शुक्रवारी सकाळी ट्रक येणार होते. दुपारी बारापर्यंत सगळं लाकूड ट्रकवर चढलं पाहिजे. आणि आजपासून फाटकावर शिपाई राहील: आत एक काठीसुद्धा जायची नाही, फक्त बाहेर यायची.

पाद्रीबुवांचा चेहरा उतरला. बालिंत पुढे झाला.

"साहेब, शुक्रवारी नाही जमायचं. ह्या लाकडावर कमान बसलीय. चुना ओला आहे. अजून महिनाभर तरी सेंट्रिंग हलवता येत नाही."

स्तोएनेस्कूने त्याच्याकडे प्रेमाने बघितलं. "तुम्ही कोण?"

"गवंडी."

"मिस्त्री, माझ्या कागदावर इथे एकच इमारत आहे. लाकडी. दुसरी मला दिसत नाही. जी दिसत नाही ती राहील की पडेल, याची काळजी मी कशी करू?"

तो गाडीत बसून निघून गेला. शिपाई फाटकाशी दगडावर बसला आणि त्याने सिगारेट पेटवली.

"दिसत नाही म्हणतो!" सोफ्रोनिया म्हणाली. "आंधळा मेला. बुटावरचा डाग तेवढा दिसतो."

"दिसलंय त्याला," पाद्री इराक्लिए हळूच म्हणाले. "पण दिसलं म्हटलं तर वरचे विचारतील, दोन वर्षं काय झोपला होतास? नोकरी जाईल. त्यापेक्षा लाकूड काढून घ्यायचं. छत आपोआप बसेल. पाडल्याचं पाप कुणाच्याच माथी नाही. आणि वर संग्रहालयाची शाबासकी."

होदीश सुतार पुढे आला. सेंट्रिंग त्याने बांधलं होतं. तो म्हणाला, "आपण काढलंच नाही तर?"

"तर ते दोर लावून ट्रकने ओढतील," बालिंत म्हणाला. "मग कमान त्यांच्या मजुरांच्या डोक्यावर. चार पोरं मरतील, आणि त्यांच्या नावाने तुमचे पाद्रीबुवा तुरुंगात."

"मग टेकू लावू. माझ्याकडे वासे आहेत, गोठ्याची तुळई काढून देतो…"

"आत काठी जायची नाही, ऐकलं नाहीस?"

बालिंत आत गेला आणि जुन्या चर्चच्या मधोमध उभा राहिला. वर होदीशच्या फळ्या, त्यावर त्याच्या विटा. त्याने मनातल्या मनात वजन मोजलं, पुन्हा मोजलं. वेदीवरची कमान लहान, तिला महिना होत आला होता, ती राहील. मधली सगळ्यात रुंद, अठरा दिवसांची. दाराकडची अकरा. शुक्रवारी चौदा.

बाहेर येऊन त्याने शिपायाला विचारलं, "साहेबांनी काय आत न्यायचं नाही म्हटलंय?"

"लाकूड."

"वीट?"

शिपायाने डोकं खाजवलं. "विटेचं काही बोलले नाहीत."

बालिंतने सोफ्रोनियाकडे पाहिलं. "मला विटा पाहिजेत. वीटभट्टीच्या नव्या वेळेत यायच्या नाहीत. कोरड्या, तापलेल्या, जुन्या. हजारांनी पाहिजेत. मधल्या कमानीखाली दोन खांब चढवतो, जुन्या चर्चच्या आतूनच. चिखलात बसवीन, चुना नको. आणि दाराकडच्या खाली जमले तर आणखी दोन."

"कोरड्या, तापलेल्या विटा," ती सावकाश म्हणाली. "म्हणजे आमच्या भट्ट्या."

"म्हणजे तुमच्या भट्ट्या."

मागुरीत्सात प्रत्येक अंगणात पावाची एक भट्टी होती. सोफ्रोनियाने कमरेचा रुमाल घट्ट केला. "हिवाळा तोंडावर आलाय, मिस्त्री. तुमचा तो कोंबडा आम्हाला पाव घालणार आहे का?" असं म्हणत ती निघाली ती थेट आपल्या अंगणात, आणि पाच मिनिटांत तिच्या कुदळीचा आवाज ऐकू आला. नवऱ्याने लग्नाच्या वर्षी बांधलेली भट्टी होती ती. तिचा घुमट तिने स्वतः फोडला. कुणाला हात लावू दिला नाही.

तिचं बघून शेजारणीने फोडली. दुपारपर्यंत गल्लीभर धूळ उडत होती. बायका ओच्यात, टोपल्यांत, पाळण्यांतून विटा आणत होत्या. काजळीने काळ्या पडलेल्या विटा, काहींना अजून पावाचा वास. कुणी डुकरांच्या खोपट्याची भिंत उतरवली. कुणी घराच्या उंबऱ्याचा दगड उपसून आणला, कारण खांबाच्या डोक्यावर वजन पसरायला बालिंतला सपाट दगड हवे होते. शिपाई प्रत्येकीच्या ओच्यात डोकावायचा आणि म्हणायचा, "लाकूड नाही ना? जा."

होदीशने जुन्या चर्चची रंगवलेली फळी न् फळी उतरवली. सोफ्रोनियाने ते संत लग्नातल्या लोकरी घोंगड्यांत गुंडाळले. जमीन उचकटून बालिंतने खांब उभे करायला घेतले. मंगळवार, बुधवार, गुरुवार. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत. ओळंबा, वीट, चिखल. ओळंबा, वीट, चिखल. गुरुवारी संध्याकाळी मधल्या कमानीखालचे दोन्ही खांब पुरे झाले. डोक्यावर दगड बसले, आणि दगड न् कमान यांच्यामधल्या फटीत त्याने पत्र्याच्या पाचरी ठोकल्या.

दाराकडच्या कमानीसाठी विटा उरल्या नव्हत्या. गावात एकही भट्टी उभी नव्हती.

"एक खांब तरी?" होदीशने विचारलं.

"गुडघ्याएवढा होईल," बालिंत म्हणाला. "त्याला टेकायला कमान गुडघ्यावर यावी लागेल."

शुक्रवारी तीन ट्रक आले. मजूर सहा, त्यांचा मुकादम पन्नाशीचा, लाकडात आयुष्य गेलेला माणूस. त्याने दारातून आत पाऊल टाकलं, वर बघितलं, आणि ते पाऊल मागे घेतलं.

"साहेब," तो स्तोएनेस्कूला म्हणाला, "माझी माणसं ह्याच्याखाली जायची नाहीत."

"तुम्हाला लाकूड आणायला पाठवलंय, छत बघायला नाही."

"छत लाकडावर बसलंय, साहेब."

"मग दोर लावा. ट्रकला बांधा आणि ओढा."

चर्चच्या अंगणात सगळं गाव उभं होतं. बालिंतने हातातली हातोडी खाली ठेवली आणि तो स्तोएनेस्कूसमोर गेला.

"दोर लावलात तर तुमच्या संग्रहालयाचा भुगा होईल. अडीचशे वर्षांचं लाकूड आहे. मला बारापर्यंत वेळ द्या. सेंट्रिंग मी काढतो. त्यानंतर ओंडके तुमची माणसं सुखाने नेतील."

स्तोएनेस्कूने घड्याळ बघितलं. तुटकं लाकूड नेऊन त्याला शाबासकी मिळणार नव्हती. "बारा," तो म्हणाला, आणि गाडीत जाऊन बसला. काच मात्र त्याने खाली केली.

बालिंत आणि होदीश आत गेले. आधी वेदीवरची कमान. सेंट्रिंगखालची प्रत्येक लाकडी पाचर हातोडीच्या एका टोल्याने थोडी ढिली करायची, मग दुसऱ्या बाजूची तेवढीच. एकदम कुठलीच काढायची नाही. टोला. थांबायचं. ऐकायचं. टोला. वेदीवरच्या कमानीने हुं की चूं केलं नाही. फळ्या आणि विटा यांच्यात केसाएवढी फट पडली, मग नखाएवढी. कमान आपली आपण उभी होती. होदीशने क्रूसाची खूण केली.

"अजून नको," बालिंत म्हणाला. "देवाला तिसरीसाठी ठेव."

मग मधली. इथे पाचरी ढिल्या होताच छत खाली बसू लागलं. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण खांबांच्या चिखलातून बारीक माती झरू लागली. अचानक बंदूक उडावी तसा आवाज झाला. होदीश दाराकडे पळाला. बालिंत जागचा हलला नाही, कारण त्याचे पाय हलेनात. डाव्या खांबातली एक वीट उभी चिरली होती. बाकीच्या तशाच होत्या. त्याने खांबाला तळहात लावला. शंभरपर्यंत आकडे मोजले. माती झरायची थांबली.

होदीश परत आला, शरमलेला. "माफ कर. पाय आपोआप गेले."

"तुझे गेले, माझे अडकले. दोन्ही सारखंच."

साडेअकरा वाजत आले होते. दाराकडची कमान राहिली होती, आणि तिच्याखाली काहीच नव्हतं.

बालिंतने घाम पुसला. "होदीश, पाचरी फुगल्यात. सोफ्रोनियाकडून जरा चरबी घेऊन ये, लावायला."

"खोटं बोलतोस."

"हो. तरी जा."

होदीशने पाचरींकडे बघितलं. "एकट्याने दोन्ही बाजूंना कसं मारशील?"

"इकडे एक, तिकडे एक. चालत. तुझ्या घरी सहा माणसं जेवायची आहेत. माझ्या घरी एक मांजर आहे, तेही शेजारी जेवतं." मग आवाज चढवून तो म्हणाला, "जा म्हणतो ना! चूक झाली तर ती माझी आहे, तुझं लाकूड चांगलं आहे."

होदीश गेला. आठ पाचरी होत्या. बालिंत इकडे एक टोला मारी, सात पावलं चालून तिकडे एक. दाराबाहेर त्याला सोफ्रोनियाचे बूट दिसत होते. चौकटीच्या अगदी जवळ. "मागे व्हा, बाई," तो न बघताच म्हणाला. बूट हलले नाहीत.

सहा पाचरी ढिल्या झाल्या. कमान बसली, एक बोट. तिच्या माथ्यावर भेग उघडली आणि सापासारखी भिंतीकडे गेली. चुन्याचा ओला गोळा त्याच्या खांद्यावर पडला. त्याला बापाचा आवाज आठवला नाही, प्रार्थना आठवली नाही. सगळं डोकं रिकामं होतं आणि त्यात फक्त दोन पाचरी होत्या. सातवी सुटली. आठवी फुगून बसली होती. एक टोला, दोन, तीन. चौथ्याला ती उडाली, आणि त्याच वेळी दाराच्या बाजूच्या विटा सुटल्या.

आधी दोन पडल्या, मग एकदम ढीग. बालिंत मागे मधल्या कमानीखाली पडला, पण उजवा हात हातोडीसकट पुढेच राहिला. धूळ इतकी उठली की स्वतःचा हात दिसेना, आणि तेच बरं झालं.

धुळीतून पहिली आली ती सोफ्रोनिया. खोकत, शिव्या देत, विटा उचलून बाजूला फेकत. "हलू नका! मेलात का? बोला काहीतरी!"

"किती पडली?" त्याने विचारलं.

"तुमचा हात—"

"कमान! किती पडली?"

तिने वर बघितलं. दाराजवळ गाडीच्या चाकाएवढं भगदाड होतं, त्यातून आभाळ दिसत होतं. त्याच्या कडेच्या विटा एकमेकींना धरून उभ्या होत्या. बाकी सगळं छत जागेवर होतं.

"चाकाएवढी," ती म्हणाली. मग तिथेच विटांवर बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली.

त्यानंतर मुकादम स्वतः आत आला. "जे पडायचं ते पडलं," असं म्हणून त्याने आपल्या माणसांना हाक मारली. जुन्या कुऱ्हाडीच्या खुणा बघून होदीश क्रम सांगत गेला आणि ओंडके एकेक करून बाहेर निघाले, आले होते तसेच. स्तोएनेस्कू गाडीतून उतरून दारापर्यंत आला. रिकाम्या जागेत दोन काळे खांब आणि त्यांच्यावर कमान. तो बराच वेळ बघत राहिला. मग गाडीकडे गेला आणि मांडीवर कागद ठेवून त्याने लिहिलं: 'स्मारक हलवले. जागा मोकळी.'

ते वाक्य पुढे त्यालाच बांधून राहिलं. मोकळ्या जागेवरचं चर्च पाडायचा हुकूम त्याला काढता येईना. काढायचा तर आधी स्वतःला खोटं ठरवायला हवं होतं. त्याच्या जागी पुढे दुसरा माणूस आला तेव्हा नव्या चर्चला शेवाळ धरलं होतं आणि त्यात तीन लग्नं लागून गेली होती. जुन्या चर्चचे ओंडके संग्रहालयाच्या आवारात डांबरी कागदाखाली सात वर्षं पडून होते. मग ते चर्च तिथे पुन्हा उभं राहिलं. सोफ्रोनिया बसने जाऊन बघून आली, आणि तिथल्या पहारेकऱ्याला कोळ्यांची जाळी काढायला लावून मगच परतली.

बालिंतच्या उजव्या हाताची तीन बोटं कायमची ताठ राहिली. भगदाडावर होदीशने फळ्या मारल्या. विटा लावायला दुसरा गवंडी आणावा असं पाद्रीबुवांनी सुचवलं तेव्हा सोफ्रोनिया म्हणाली, "दुसऱ्याचा हात नको. फळ्या राहू द्या." तो सगळा हिवाळा मागुरीत्साने तव्यावरच्या भाकऱ्या खाल्ल्या आणि कुणी पावाचं नाव काढलं की दुसरा कुणी कमानीकडे बोट दाखवायचा.

चुना नीट धरेपर्यंत खांब तसेच ठेवले होते. भेगेवर बालिंतने डाव्या हाताने काचेची एक अरुंद पट्टी चुन्यात बसवली. कमान हलली तर काच फुटेल. दर महिन्याला तो नदी ओलांडून यायचा. उपासना चालू असली तर बाहेर थांबायचा, लोक गेले की शिडी लावून वर चढायचा. फेब्रुवारीत काच फुटलेली निघाली. तो त्या दिवशी जेवला नाही. त्याने जुनी काढून नवी पट्टी बसवली आणि महिन्याभराऐवजी आठवड्याने आला. मग पुन्हा आठवड्याने.

ईस्टरच्या सोमवारी तो आला तेव्हा चर्चमध्ये मेणबत्त्यांचा वास होता. सोफ्रोनियाने शिडी धरली. तो वर चढला, नखाने सांधा खरवडला, नख घसरलं. काचेवर बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"काय म्हणते?" तिने खालून विचारलं.

"शाबूत आहे," तो म्हणाला. "होदीशला बोलवा. उद्या खांब उतरवू, आणि तुमच्या विटा घेऊन जा."